अकरा वेळा मेलेलं मशीन

एक

मशीन अकराव्यांदा मेलं तेव्हा खोलीत आदर्श एकटाच होता. त्याआधीच्या दहा वेळाही तो एकटाच होता, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

"अकरा म्हंजे योगायोग न्हवं," बाळासो आण्णा फोनवर क्रांतीला म्हणाले. "एकदा झालं, दोनदा झालं, मी गप बसलो. आता पाच वाजता पोलीस ठाण्यात जातोय मी. तुझा भाऊ हाय म्हणून आधी तुला सांगितलं. मागनं म्हणू नकोस, आण्णांनी कळवलं न्हाई."

"आण्णा, त्यानं केलंय तरी काय?"

"आमच्या डिझाइनच्या फायली पेनड्राइव्हवर घेतोय, आणि मागमूस ऱ्हाऊ नये म्हणून मशीन पाडतोय. ब्यागेत पेनड्राइव्ह सापडला, तो तिथंच ठेवलाय, पोलिसांसमोरच उघडायचा. काय हाय त्यात म्हणून इचारलं, तर तोंड उघडंना. पोरगं निर्मळ असतं तर बोललं नसतं व्हय?"

फोन बंद झाला. क्रांती शाहूपुरीतल्या आपल्या दहा बाय बाराच्या दुकानात कुणाचा तरी उघडा लॅपटॉप समोर ठेवून तशीच बसून राहिली. घड्याळात साडेबारा वाजत आले होते. बाप गेला तेव्हा आदर्श चौथीत होता. तिनं डिप्लोमा अर्धवट सोडला, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि त्याला इंजिनिअर केला. शिरोली एमआयडीसीतल्या बाळासोंच्या फाउंड्रीत त्याला चिकटवलाही तिनंच. आणि ज्या मशीनपायी तो आता चोर ठरत होता, ते मशीनही, फाउंड्रीचा मोठा कॉम्प्युटर, तिनंच बांधलं होतं.

तिला धड घाबरताही येईना. तिनं लॅपटॉप मिटला, शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

दोन

फाउंड्रीत साच्यात लोखंड ओतण्याआधी ते कसं पसरेल, कुठं आधी गोठेल, कुठं पोकळी राहील, याचं गणित कॉम्प्युटरवर करून बघतात. गणित मोठं असतं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी क्रांतीनं हे मशीन बांधताना त्याचा प्रोसेसर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळेल असा बसवला होता. याला म्हणायचं ओव्हरक्लॉक करणं. जिवावरचा खेळ नाही, पण हात बसलेला लागतो. मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. दिवसा विंडोजवर चित्रं काढायची, आणि संध्याकाळी लिनक्स चालू करून गणित लावून घरी जायचं.

फाउंड्रीतल्या वरच्या खोलीत शशिधर मठपती तिची वाटच बघत होते. विभागाचे प्रमुख, कर्नाटकातल्या चिकोडीचे, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. बोलणं हळू, काम सुतासारखं सरळ. त्यांनी अकराही वेळांचा तक्ता करून ठेवला होता.

"बघा मॅडम. प्रत्येक वेळी विंडोज. लिनक्समध्ये एकदाबी न्हाई. चौदा-चौदा तास गणित चालतंय, हूं की चूं न्हाई."

क्रांतीनं वेळा बघितल्या. सकाळचा अकराचा चहा, दुपारची जेवणाची सुट्टी, चारचा चहा. प्रत्येक वेळी सगळे खालच्या कँटीनमध्ये आणि आदर्श एकटा वर. बाहेरच्या कॅमेऱ्यात दुसरं कुणी आत शिरलेलं नव्हतं.

"मेमरी तपासली?"

"दोनदा. पॉवर सप्लाय नवा घातला. तापमान सत्तरच्या वर गेलं न्हाई. मग मी विंडोजमधीच प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून चार तास टेस्ट लावली. खुर्ची सोडली न्हाई मी. दणदणीत पास!" शशिधरांनी चष्मा काढून पुसला. "मला वाईट वाटतंय री. पोरगा हुशार हाय. पण मशीनला दोष न्हाई म्हटल्यावर माणसाकडंच बघावं लागतंय."

"हे कधीपासनं चाललंय?"

"सतरा दिवस झाले. त्याच आठवड्यात आदर्शनं चहाला यायचं बंद केलं."

"त्याच आठवड्यात आणखी काय झालं?"

शशिधरांनी आठवून सांगितलं. मशीनच्या मदरबोर्डावरचा छोटा सेल संपला होता. सेल बदलला तेव्हा क्रांतीनं घातलेली सगळी सेटिंग पुसली गेली. ती त्या दिवशी आईला, अंबूबाईंना, डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेलेली. फोन बंद.

"पण तुमची चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवलेली होती. तिच्याप्रमाणं मी स्वतः भरलं. एक आकडा इकडचा तिकडं न्हाई." त्यांनी मोबाइलवर चिठ्ठीचा फोटोच दाखवला.

अक्षर क्रांतीचंच होतं. घाईत लिहिलेलं, निळ्या पेनानं:

वेग – मूळ + ३
व्होल्टेज ऑफसेट – वजा ०.०१
लोडलाइन – ३

तिनं तीन वेळा वाचलं. वेग वाढवला की प्रोसेसर तापतो, म्हणून व्होल्टेज किंचित, अगदी नखाएवढं, कमी केलेलं. हेच तर तिनं ठरवलं होतं.

"बरोबर हाय की," ती म्हणाली.

"बरोबरच हाय," शशिधर म्हणाले.

दोघंही एकाच फोटोकडे बघत होते आणि दोघंही खरं बोलत होते.

"तरी मला एकदा मशीन रीस्टार्ट करून आतली सेटिंग डोळ्यांनी बघू द्या."

"हात लावायचा न्हाई!" दारातून बाळासो आण्णा गरजले. साठीचा गडी, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. "लिनक्सवर गणित चाललंय. साडेतीनला संपंल. त्यावर उद्याचं ओतकाम ठरतंय. त्याच्या आत कुणी बटन दाबलं, तर तक्रारीत दोन नावं घालीन मी, क्रांती!"

साडेतीन ते पाच. हातात उरला दीड तास. तोवर मशीनला विचारता येत नव्हतं, म्हणजे माणसांनाच विचारणं भाग होतं.

तीन

भट्टीजवळ कृष्णात उभा होता, वितळकामाचा मुकादम. घामानं निथळलेला, आणि आवाज भट्टीच्या वर.

"काय पावणं, कुणाकडं?" त्यानं हाक दिली. मग ओळख पटली तशी जरा नरमला. "आदर्शची भण न्हवं तू? लई वाईट झालं बघ."

क्रांतीनं आडपडदा ठेवला नाही. तिच्याकडे तेवढा वेळच नव्हता. "मामा, तुमाला ते मशीन आवडत न्हाई म्हणं."

"न्हाईच आवडत. तीस वरसं झाली, लोखंडाचा रंग बघून मी सांगतोय कुठं भोक पडणार. आता ती पेटी सांगणार व्हय मला?" तो मोकळेपणानं हसला. "पण पाडायचंच असतं तर घण घातला असता की. चोरून कशाला पाडू?"

"तुमची भट्टी चालू झाली की लाइट खाली येती. त्या झटक्यानं मशीन बंद पडत असंल."

"भट्टी तर लिनिक्स का फिनिक्स चालतंय तवाबी चालूच असती. आणि वरती बॅटरी बसवलीय की तुमच्या लोकांनी." कृष्णातनं खांदे उडवले.

तेही दार बंद. क्रांतीनं कपाळ पुसलं. दोन वाजून गेले होते.

"शशिधर सायेब कसे वागतात आदर्शशी?"

"देवमाणूस. वेळंचा तर इतका पक्का, की बोलू नकोस." कृष्णातनं भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डाकडे बोट केलं. त्यावर भट्टीच्या वेळा मार्करनं लिहिलेल्या होत्या. "मागच्या महिन्यात मी तिथं लिहिलं, मीटिंग १.३०. दुपारी सगळी जमलो, तर सायेब कवाचे येऊन बसल्याले. सकाळी साडेनवाला! चार तास आदी! पोरं अजून चिडवत्यात त्यास्नी."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी क्रांती खळखळून हसली असती. आज तिनं नुसती मान हलवली आणि ती वळली.

"थांब की," कृष्णातनं आवाज खाली आणला. त्याला ते जमत नव्हतं, तरी आणला. "तुला सांगू का नको असं झालंय. परवा चहाच्या टायमाला मी वर गेलतो. दार आतनं लावल्यालं. आदर्श आत एकटाच बोलत हुता. मराठी न्हवं, हिंदी न्हवं, इंग्लिशबी न्हवं. भलतीच भाषा. तेच तेच परत परत म्हणत हुता. मी दार वाजवल्यावर गप झाला." त्यानं तिच्याकडे बघणं टाळलं. "आण्णांस्नी मी सांगितलं न्हाई. पण ताई, निर्मळ माणूस दाराला कडी लावून कुणाशी बोलतोय?"

चार

आदर्शला साच्यांच्या गोदामात बसवून ठेवलं होतं. त्याची बॅग मात्र वर टेबलावर होती. क्रांती आधी वर गेली.

आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तरी तिनं चेन उघडली, पेनड्राइव्ह काढला आणि आपल्या लॅपटॉपला लावला. त्यात आण्णांच्या फायली निघाल्या तर पाचची वाट बघायची गरजच उरणार नव्हती.

फायली निघाल्या, पण आवाजाच्या. पहिली वाजवली. एक बाई सावकाश, तोडून तोडून जर्मन वाक्य म्हणत होती. मग थोडी जागा, ऐकणाऱ्यानं तेच म्हणायला. अशा चाळीस फायली. आणि शेवटी एक पत्र, जर्मनीतल्या कुठल्याशा फाउंड्रीचं, आदर्शला नोकरी दिल्याचं. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

तिनं पत्र दोनदा वाचलं. चोरी नव्हती. पण हायसं वाटायच्या आधी तिनं पुन्हा तारीख बघितली.

"सापडलं का?"

दारात आदर्श उभा होता. पाणी प्यायच्या निमित्तानं सुटून आला असावा. डोळे लाल.

"हे काय हाय?" तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"दिसतंय की."

"दोन म्हैने? घरात दोन येळा माझ्या हातचं जेवतोस, आणि दोन म्हैने गप? कवा सांगणार हुतास, विमानात बसल्यावर?"

"मंगळवारी मुंबईत व्हिसाची मुलाखत हाय. झाली की सांगणार हुतो." तो भिंतीला टेकला. "परीक्षा तोंडावर आली म्हणून चहाच्या टायमाला अभ्यास करायचो. घरात करायची सोय न्हवती, तू ऐकलं असतंस. आणि आण्णांस्नी कोणत्या तोंडानं सांगू? ट्रेनिंगला त्यांनीच पाठवलं मला."

"म्हणून चोर म्हणवून घेतोयस?"

"पोलिसांचा दाखला लागतोय व्हिसाला. तक्रार पडली की सगळं संपलं. म्हाईत हाय मला." त्यानं पुढं होऊन बॅगेची चेन लावली. मग म्हणाला, "पण आक्का, तू आधी ब्याग उघडलीस. मला नंतर इचारलंस."

कोडग्यासारखी ती कामाचंच बोलली, कारण तेवढंच बोलता येत होतं.

"मशीन पडायचं त्या टायमाला तू नेमकं काय करत असायचास? कुठलं बटन दाबलं, कुठली फाइल उघडली? आठवून सांग."

"काय बी न्हाई."

"आदर्श, खरं सांग."

"खरंच सांगतोय की! माऊसलाबी हात लावत न्हवतो. माझं सगळं मोबाइलवर. पेनड्राइव्हबी मोबाइललाच लावायचो. ते आपलं गप पडल्यालं असायचं. मी म्हणत असायचो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीन फट्दिशी काळी. मी तर दरवेळंला दचकायचो."

क्रांतीनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं शशिधरांचा तक्ता पुन्हा हातात घेतला.

पाच

सगळे इतके दिवस विचारत होते की मशीन पडतं तेव्हा आदर्श काय करतो. आणि तो काहीच करत नव्हता! कुणीच काही करत नव्हतं, तेव्हाच तर मशीन पडत होतं. कामाच्या वेळेला सगळ्यांचे हात चालू, मशीन ठणठणीत. चहाला माणसं उठली की मशीन रिकामं, आणि रिकामं झालं की मेलं. शशिधरांनी चार तास ताण टाकला म्हणूनच ते चार तास जगलं. लिनक्समध्ये रिकामपण नव्हतंच. गणित अडू नये म्हणून क्रांतीनंच तिथं प्रोसेसरला झोपायची बंदी घातलेली होती.

रिकाम्या प्रोसेसरला मदरबोर्ड अगदी थोडं व्होल्टेज देतो. त्या थोड्यातूनही कुणी फार काढून घेतलं, तर तो गार पडणार. पण तिनं तर नखाएवढंच काढलं होतं. वजा ०.०१. एवढ्यानं कुठलाही प्रोसेसर मरत नाही.

ती जिना उतरून पुन्हा भट्टीपाशी आली. कृष्णातला आणखी काही विचारावं म्हणून आली होती, पण तो नव्हता. बोर्ड होता. त्यावर त्याच्या ढोबळ अक्षरात आजची वेळ लिहिलेली: ओतकाम १.३०.

मीटिंग १.३०. सायेब सकाळी साडेनवाला.

क्रांती जागच्या जागी उभी राहिली. चार तास आधी येणारा माणूस वक्तशीर नसतो. त्यानं वेळच वेगळी वाचलेली असते. चिकोडीला कन्नड शाळेत शिकलेला माणूस. मराठी फाडफाड बोलतो, अक्षरंही वाचतो. ५ किंवा ८ दिसला असता तर त्याला कळलं असतं, की हे आकडे मराठी आहेत. पण शून्य आणि तीन दोन्हीकडे जवळपास सारखेच. आणि मराठी एक, घाईत लिहिलेला, वर गाठ आणि खाली शेपूट, हुबेहूब इंग्रजी नऊ.

तिच्या चिठ्ठीत शून्य होते, तीन होते, आणि एकच एक होता. बाप दुकानाच्या वहीत मराठी आकडे लिहायचा म्हणून तीही लिहायची. गिऱ्हाइकं हसायची, ती मिरवायची.

शशिधरांनी नखाएवढ्याच्या जागी नऊपट काढून घेतलं होतं. तिच्याच चिठ्ठीवरून.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उलगडा झाला होता, आणि क्रांतीला आनंद होईना. मनात एक विचार आला आणि तो हलेना: सांगितलंच नाही तर?

आपली चूक चारचौघांत कबूल करावी लागणार नाही. तक्रार पडेल, पण पुरावा कुठाय? चार-सहा महिन्यांत प्रकरण विरून जाईल. व्हिसा तेवढा जाईल. पोरगं इथंच राहील, शाहूपुरीत, दुकानाशेजारी, रोज संध्याकाळी ताटावर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. आपण त्याला चोर थोडंच ठरवतोय? आपण नुसतं गप बसतोय.

तिला स्वतःची किळस आली. तरी ती वीस मिनिटं त्या बोर्डासमोरून हलली नाही.

सहा

साडेतीनला गणित संपलं. क्रांतीनं विंडोज चालू केलं आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं. आण्णा, शशिधर, कृष्णात. आदर्शला मात्र तिनं बाहेर, अंगणातल्या लिंबाखाली उभं केलं. खिडकीतून सगळ्यांना दिसेल असं.

"आता कुणी कशाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "नुसतं उभं ऱ्हायचं."

"ही कसली टेस्ट?" आण्णा चिडले.

"चहाची सुट्टी हाय असं समजा."

चार माणसं हाताची घडी घालून मशीनकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कृष्णातला खोकला आला तोही त्यानं दाबला. आण्णांनी दोनदा घड्याळ बघितलं. बारावं मिनिटही गेलं. आपलं चुकलं असेल तर आता काहीच उरलं नव्हतं. चौदाव्या मिनिटाला स्क्रीन फट्दिशी काळी झाली.

खिडकीबाहेर आदर्श लिंबाच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्याचे दोन्ही हात दिसत होते.

"बारावी वेळ," शशिधर अखेर म्हणाले. "मग... पोरानं काय केलं न्हाई."

"मग केलं कुणी?" आण्णांनी विचारलं.

क्रांतीनं मशीन पुन्हा चालू करून मदरबोर्डाची आतली सेटिंग उघडली. व्होल्टेज ऑफसेटच्या पुढं वजा 0.090 होतं.

"शशिधर सायेब, तो फोटो काढा. आणि दुसरी ओळ मोठ्यानं वाचा."

शशिधरांनी चष्मा सारखा केला. "व्होल्टेज ऑफसेट, वजा पॉइंट झिरो नाइन."

"मामा, आता तुमी वाचा."

कृष्णातनं मोबाइल हातभर लांब धरला. "शून्य पॉइंट शून्य... एक. एक हाय की ह्यो!"

मग शशिधरांनी मोबाइल परत ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि मटकन खुर्चीत बसले. "अय्यो देवा. ती मीटिंग..."

"व्हय. दीडची मीटिंग तुमी साडेनवाला गाठली, ती याच्यामुळंच." क्रांती आण्णांकडे वळली. "आण्णा, तुमच्या जुन्या मोटरसायकलची रेस मेकॅनिकनं फार खाली केली तर काय हुतंय?"

"सिग्नलला उभी केली की बंद पडती."

"आणि हायवेला?"

"हायवेला पळती की झकास." आण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हंजे हे चहाच्या टायमाला..."

"सिग्नलला उभं असायचं. काम चालू असलं की बोर्ड आपणहून व्होल्टेज वर उचलून देतोय, चिठ्ठीतल्या तिसऱ्या ओळीनं. थांबलं की उचलायला कोण न्हाई. लिनक्सला मी थांबूच दिलं न्हवतं. म्हणून तिथं रोग दिसला न्हाई, विंडोजला दिसला." तिनं 0.090 खोडून 0.010 केलं आणि विंडोज पुन्हा लावलं. "आता परत उभं ऱ्हावा. अर्धा तास."

ते उभे राहिले. या वेळी कुणी घड्याळ बघितलं नाही. पावणेपाच झाले तरी मशीन गप पडून जिवंत होतं.

"चूक माझी हाय," शशिधर उठत म्हणाले. "मी पोरावर..."

"वाचण्यात तुमची. लिहिण्यात माझी," क्रांती म्हणाली. "दुसऱ्यानं वाचायची चिठ्ठी मी मला कळंल अशी लिहिली. आण्णा, तक्रार करायची तर माझ्या नावानं करा."

आण्णांनी खिशातली पेनं सारखी केली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ह्यापुढं मशीन शशिधरच बघतील. तू येऊ नकोस, क्रांती. रागानं म्हणत न्हाई. पण इतके दिवस मी एका पोराला चोर समजलो, ते तुझ्या अक्षरामुळं. मला तुझं तोंड बघितलं की तेच आठवंल." त्यांनी आदर्शला हाक मारली. तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तरी सांग लेका, पेनड्राइव्हवर काय हाय?"

आदर्शनं सांगितलं. खाली मान घालून, सगळं. आण्णांचा हात खांद्यावरून खाली आला, थोडा वेळ हवेत राहिला, आणि पुन्हा वर गेला.

"जा," ते म्हणाले. "पण सांगून जायचं असतंय रे."

बाहेर पडताना पाच वाजले होते. पोलीस ठाण्यात कुणीही गेलं नव्हतं. क्रांतीनं गाडी स्टँडवरून काढली, पण किक मारली नाही.

"तुला आधीच कळलं हुतं न्हवं?" आदर्शनं विचारलं. "टेस्टच्या आधी. मी झाडाखालनं तुझं तोंड बघत हुतो."

"व्हय."

"किती आधी?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "वीस मिनिटं. भट्टीच्या बोर्डापुढं उभी हुते. वाटलं, गप बसावं. जाऊ देत आण्णांना ठाण्यात. तू हितंच ऱ्हाशील." तिनं आरशावरची धूळ बोटानं पुसली. "तुझी ब्याग उघडली, त्यापेक्षा हे वाईट. तुला म्हाईत असूदे."

ती त्याच्या रागाची वाट बघत राहिली. राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. आदर्श गाडीच्या सीटवर बोट घासत उभा होता.

"आण्णांनी सकाळी इचारलं, पेनड्राइव्हवर काय हाय," तो म्हणाला. "तवाच सांगता आलं असतं की मला. एका वाक्याचं काम. सुटलो असतो."

"मग का न्हाई सांगितलंस?"

"मलाबी वाटलं, जाऊ देत ठाण्यात. व्हिसा गेला तर तुला आणि आईला सोडून जायचं मला ठरवायला लागणार न्हाई."

फाउंड्रीचा भोंगा झाला आणि दुसऱ्या पाळीची माणसं फाटकातून आत यायला लागली. त्यांना वाट द्यायला दोघं गाडीसह बाजूला सरकली. क्रांतीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला पुढं बसायला सांगितलं, कारण तिला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.